पाण्याचा रेणू नळात सरळ होत नाही आणि चुंबकाने षटकोनी होत नाही

गेल्या महिन्यात माझ्या आत्याला ठरलेल्या वाराच्या एक दिवस आधीच डायलिसिसला न्यावं लागलं. रात्री आडवं झालं की दम लागत होता. पायावर बोट दाबलं तर पडलेला खड्डा तसाच राहत होता. दोन डायलिसिसच्या मधल्या तीन दिवसांत वजन साडेचार किलोंनी वाढलं होतं. तिला चोवीस तासांत एक लिटर पाण्याची मर्यादा आहे, आणि त्यात चहा, ताक, आमटीसुद्धा धरायची असते. दीड वर्ष ती हे सगळं मोजूनमापून करत होती. ‘मग या वेळी असं कसं झालं?’ म्हणून विचारलं, तर तिने उशीखालचा फोन काढून माझ्या हातात दिला.

फोनवर आमच्या भावकीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज होता. मथळा ‘तुम्ही मेलेलं पाणी पिताय!’ त्यात सहा मुद्दे होते. एक, पाण्याचा रेणू निसर्गात १०४.५ अंशांत वाकलेला असतो म्हणून तो ध्रुवीय आणि ‘जिवंत’ असतो. पण नळाच्या पाइपातली काटकोनी वळणं आणि पंपाचा दाब यांनी तो सरळ होतो आणि ध्रुवीयता जाते. दोन, मायक्रोवेव्हमध्ये तो कायमचा मोडतो. तीन, उरलीसुरली ध्रुवीयता आरओ मशीन काढून टाकतं. चार, ध्रुवीय म्हणजे उत्तर आणि दक्षिण ध्रुव असलेला, म्हणून चुंबकाजवळ ठेवलं की रेणू पुन्हा आकारात येतात. घासलेल्या कंगव्याने पाण्याची धार वाकते हा त्याचा पुरावा. पाच, चुंबक बसवलेल्या तांब्याच्या बाटलीत आठ तास ठेवलं की सहा-सहा रेणूंचे षटकोन होतात आणि असं पाणी पेशीत थेट शिरतं. सहा, षटकोनी पाण्याचा किडनीवर भार पडत नाही, म्हणून किडनीच्या रुग्णांनी ते दिवसाला तीन लिटर प्यावं, हळूहळू डायलिसिस सुटतं. खाली बाटलीची किंमत आणि ऑर्डरसाठी नंबर.

आत्याने बाटली मागवली होती. आठवडाभर ती त्यातलं पाणी पीत होती. तीन लिटर नाही, पण दोन तरी नक्की.

मी वीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. रेणूचा आकार आणि ध्रुवीयता हा धडा मी दर वर्षी शिकवतो. त्याच धड्यातले शब्द उचलून कोणी माझ्या घरच्या माणसाला हॉस्पिटलात पोचवत असेल तर मला गप्प बसता येत नाही. म्हणून हे लिहितोय.

पहिल्या मुद्द्याचा अर्धा भाग खरा आहे, हे मान्य करावं लागतं. पाण्याचा रेणू वाकलेला असतो, कोन १०४.५ अंशच असतो आणि या वाकण्यामुळेच तो ध्रुवीय, म्हणजे एका बाजूला थोडा धन आणि दुसऱ्या बाजूला थोडा ऋण प्रभार असलेला, असतो. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यात इलेक्ट्रॉन सामायिक असतात, पण वाटणी समान नसते. ऑक्सिजनची विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद) ३.४४ आणि हायड्रोजनची २.२०, म्हणजे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण प्रभार आणि हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन प्रभार येतो. मात्र रेणूतले बंध ध्रुवीय असले म्हणून अख्खा रेणू ध्रुवीय होतो असं नाही. इथे आकार मध्ये येतो.

वर्गात मी बैलांचं उदाहरण देतो. एका जड दगडाला दोन दोर बांधले आणि दोन बैल जुंपले. दोघं बरोबर विरुद्ध दिशांना सारख्याच ताकदीने ओढत असतील, तर दोर ताणलेले दिसतील, बैलांना घाम फुटेल, पण दगड जागचा हलणार नाही. तेच दोघं एकमेकांशी कोन करून पुढे ओढत असतील तर दगड दोघांच्या मधल्या दिशेने सरकेल. कार्बन डायऑक्साइड म्हणजे पहिली जोडी. त्यातले दोन्ही बंध चांगले ध्रुवीय आहेत, पण रेणू सरळ रेषेत आहे, म्हणून ओढ एकमेकींना पुसून टाकते आणि द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे रेणू एकूण किती ध्रुवीय आहे त्याचं माप, शून्य येतं. पाणी म्हणजे दुसरी जोडी. त्याचं आघूर्ण १.८५ डिबाय (हे आघूर्णाचं एकक). ओझोनमध्ये तर तिन्ही अणू ऑक्सिजनचेच, तरी रेणू साधारण ११७ अंशांत वाकलेला असल्यामुळे त्याला ०.५३ डिबाय आघूर्ण आहे.

आकारासोबत कोणती ओढ कुठल्या दिशेने आहे तेही बघावं लागतं. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात रासायनिक बंधांच्या धड्यात अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड यांची जोडी शेजारी शेजारी दिलेली आहे. दोन्ही रेणू एकाच बुटक्या पिरॅमिडच्या आकाराचे. फ्लोरीन इलेक्ट्रॉन इतक्या जोरात ओढतो, तरी त्याच्या रेणूचं आघूर्ण फक्त ०.२३ डिबाय आणि अमोनियाचं १.४७. कारण अमोनियात नायट्रोजनवरची एकाकी (बंधात न गुंतलेली) इलेक्ट्रॉन जोडी आणि तिन्ही बंध एकाच दिशेला ओढतात. दुसऱ्या रेणूत बंध खाली ओढतात, जोडी वर. हे पुस्तक कुठल्याही गावात मिळतं आणि इंटरनेटवर फुकट आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ते उघडलं असावं, कारण १०४.५ हा आकडा त्याला अचूक माहीत आहे. पुढचं पान मात्र त्याने वाचकापासून लपवलं.

पुढच्या पानावर असं आहे की हा कोन बाहेरून कोणी वाकवून दिलेला नसतो. ऑक्सिजनभोवती इलेक्ट्रॉनांच्या चार जोड्या असतात, दोन बंधांच्या आणि दोन एकाकी. चारही जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या लांब जातात. सगळ्या सारख्या असत्या तर मिथेनसारखा १०९.५ अंशांचा कोन झाला असता. एकाकी जोड्या जास्त जागा अडवतात, म्हणून दोन्ही हायड्रोजन थोडे जवळ ढकलले जातात आणि कोन १०४.५ वर येतो. जोवर ऑक्सिजन ऑक्सिजन आहे आणि हायड्रोजन हायड्रोजन आहे, तोवर कोन हाच. पंचगंगेचं पाणी असो, टँकरचं असो की बाटलीचं. रेणू थरथरतो जरूर, कोन सेकंदाला लाखो कोटी वेळा कमीजास्त होतो, पण हेलकावा घेऊन तिथेच परत येतो.

पाइपाच्या वळणाचं तर मला फार आश्चर्य वाटलं, कारण आत्याला तेच सगळ्यात पटलं होतं. “अरे, वळणात तार सरळ होते तसं असेल,” ती म्हणाली. तिला मी हिशोब सांगितला. पाण्याचा एक रेणू जेमतेम पाव नॅनोमीटरच्या वर. घरातल्या अर्ध्या इंची पाइपाच्या तोंडावर असे रेणू एकाला एक लावून ओळ केली तर साडेचार कोटी रेणू मावतील. आपल्याला जो काटकोन दिसतो, तो रेणूच्या लेखी वळण नसतंच. त्याच्या आजूबाजूला सगळीकडे पाणीच असतं. आणि रेणू खरोखर ताणून सरळ करायचा तर लागणारी ऊर्जा, साध्या तापमानाला रेणूच्या वाट्याला येणाऱ्या उष्णतेच्या ऊर्जेच्या पन्नास पटींहून जास्त आहे. गच्चीवरच्या टाकीच्या दाबाने ती मिळत नाही आणि अर्ध्या अश्वशक्तीच्या पंपानेही मिळत नाही.

समजा, रेणू सरळ झालाच, तर काय होईल? दोन्ही ओढी एकमेकींना पुसतील आणि पाण्याचं आघूर्ण कार्बन डायऑक्साइडसारखं शून्य होईल. मिथेनचा रेणू वजनाने पाण्याच्या जवळपास आहे, १६ आणि १८. ध्रुवीयता नसल्यामुळे मिथेन उणे १६१ अंशांनाच उकळून वायू होतो आणि पाणी १०० अंशांपर्यंत द्रव राहतं. हा अडीचशेहून जास्त अंशांचा फरक ध्रुवीयतेचा आणि तिच्यातून येणाऱ्या हायड्रोजन बंधांचा (एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला धरतो त्या पकडीचा) आहे. ध्रुवीयता गमावलेलं पाणी पेल्यात पडून ‘मेलेलं’ राहिलं नसतं. आपण ज्याला पाणी म्हणतो ते उरलंच नसतं.

आत्याच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघांनी मिळून करून बघितलं. चार पेले घेतले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, तिसऱ्यात मायक्रोवेव्हमध्ये उकळून गार केलेलं आणि चौथ्यात त्या बाटलीतलं रात्रभर ठेवलेलं. पाचव्या वाटीत गोडेतेल. आत्याने स्वतःच्या हाताने प्रत्येकात अर्धा चमचा मीठ घातलं आणि ढवळलं. चारही पेल्यांत मीठ सारखंच विरघळलं, वाटीत मात्र तेलाच्या तळाशी जसंच्या तसं बसून राहिलं. मीठ विरघळतं ते पाण्याच्या ध्रुवीयतेमुळेच. सोडियमच्या धन आयनाला (आयन म्हणजे प्रभार असलेला अणू) पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू करून वेढतात, क्लोराइडच्या ऋण आयनाला हायड्रोजनची बाजू करून. या वेढ्यातच स्फटिक सुटा होतो. नळाच्या पाण्याची ध्रुवीयता गेली असती तर आत्याच्या आमटीत मीठ खड्यासारखं दाताखाली आलं असतं. ती पन्नास वर्षं नळाच्या पाण्यात आमटी करतेय.

मायक्रोवेव्हचा मुद्दा उलटा आहे. ते यंत्र चालतंच पाण्याच्या ध्रुवीयतेवर. आतल्या लहरींची दिशा सेकंदाला २४५ कोटी वेळा उलटून पुन्हा पहिल्यासारखी होते. पाण्याचे ध्रुवीय रेणू त्या दिशेने वळू पाहतात, शेजाऱ्यांवर आपटतात, आणि त्यातून उष्णता तयार होते. दुसऱ्या मुद्द्याप्रमाणे ध्रुवीयता जात असती तर कपातलं पाणी अर्धवट तापून पुढे तापायचं थांबलं असतं. लहरींच्या एका कणाची ऊर्जा रेणू सरळ करायला लागणाऱ्या ऊर्जेच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी आहे, बंध तोडणं तर फार लांब. मायक्रोवेव्हबद्दल खऱ्या काळज्या वेगळ्या आहेत: अन्न एकसारखं तापत नाही, आणि कुठल्याही प्लास्टिकच्या डब्यात तापवू नये. त्या जरूर घ्याव्यात.

आरओबद्दल फार लिहीत नाही. आरओ पाण्यातले क्षार काढतं, त्यातले काही आपल्या कामाचे असतात आणि कमी क्षारांच्या पाण्याला मशीन लावणं बहुतेक वेळा अनावश्यक असतं, एवढं खरं. रेणूला ते हात लावत नाही.

आता चौथा मुद्दा, आणि इथे माझी थोडी तक्रार आपल्याच शब्दाबद्दल आहे. मराठीत पृथ्वीला ध्रुव, चुंबकाला ध्रुव आणि रेणूलाही ध्रुव. शाळेत चुंबकाचा उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव शिकलेल्या माणसाला ‘ध्रुवीय रेणू’ ऐकल्यावर पाण्यात बारीक बारीक चुंबक तरंगताना दिसले तर दोष त्याचा नाही. पण रेणूचे ध्रुव विद्युत प्रभाराचे असतात, एक बाजू थोडी धन, एक बाजू थोडी ऋण. चुंबकत्वाशी त्यांचा संबंध नाही. ही गोष्ट पटायला ऑक्सिजन आणि पाणी शेजारी ठेवून बघावं. ऑक्सिजनचा रेणू अजिबात ध्रुवीय नाही, तरी द्रवरूप ऑक्सिजन ताकदवान चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ओतला तर तिथेच अडकून लोंबतो. पाणी इतकं ध्रुवीय, तरी चुंबक त्याला ओढत नाही, उलट अगदी क्षीणपणे दूर ढकलतो. ही ढकल किती क्षीण? १९९७ मध्ये नेदरलँड्सच्या नेयमेखन शहरात आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी तिच्या जोरावर जिवंत बेडूक हवेत तरंगवला, तेव्हा त्यांना सुमारे १६ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र लागलं. बेडूक नंतर धडधाकट होता.

आत्याच्या मणक्याचा एमआरआय दोन वर्षांपूर्वी झाला आहे. ते मशीन दीड टेस्लाचं. ती अर्धा तास त्याच्या पोटात पडून होती. माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि एमआरआय चित्र काढतं तेही मुख्यतः त्याच पाण्यातल्या हायड्रोजनवरून. चुंबकाने पाणी षटकोनी होऊन किडनी सुधारत असती, तर त्या अर्ध्या तासात सुधारायला हवी होती. बाटलीच्या बुडाशी असलेली काळी चकती त्या मशीनच्या जवळपासही जात नाही.

कंगव्याच्या प्रयोगाबद्दल मात्र मला एक कबूल करायचं आहे. केसांवर घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार वाकते, हे खरं. ती चुंबकाने नाही, स्थिर विद्युत प्रभाराने वाकते. आम्ही शिक्षक मुलांना सांगतो की पाण्याचे ध्रुवीय रेणू कंगव्याकडे वळतात म्हणून हे होतं. हे स्पष्टीकरण पुरेसं नाही. २००० साली ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’मध्ये याच प्रयोगाची फेरतपासणी छापून आली आणि तिने दाखवलं की धार वाकते ती मुख्यतः तिच्यावर निर्माण होणाऱ्या प्रभारामुळे, रेणू वळल्यामुळे नव्हे. मी स्वतः कित्येक वर्षं ते जुनंच सांगत आलो होतो, आता सांगत नाही. म्हणजे मेसेजमधला हा ‘पुरावा’ चुंबकाचा तर नाहीच, ध्रुवीयतेचाही धड नाही.

पाचव्या मुद्द्यातही एक खरा कण आहे. सहा रेणूंचा षटकोन पाण्यात सापडतो. तो बर्फात सापडतो. फ्रिजमधल्या साध्या बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधांनी धरतो आणि सहा-सहाची पोकळ कडी तयार होतात. या पोकळीमुळेच बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो आणि पेल्यात वर तरंगतो. हिमकणाला सहा बाजू असतात त्या याच कड्यांमुळे. पण बर्फ वितळला की ही मांडणी टिकत नाही. द्रव पाण्यात रेणू हात धरतात आणि सोडतात, धरतात आणि सोडतात. २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात अवरक्त लेझरच्या अतिशय छोट्या झोतांनी मोजलं गेलं की द्रव पाणी आपली रचना सुमारे ५० फेम्टोसेकंदांत विसरतं. एका सेकंदाचे वीस लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग. मेसेज म्हणतो आठ तास ठेवा, आणि मग बाटलीतून पेल्यात, पेल्यातून घशात, पोटातून रक्तात जाईपर्यंत षटकोन शाबूत राहतो. घोट गिळेपर्यंतच त्या पाण्याची रचना अब्जावधी वेळा बदललेली असते. इतकंच काय, एका रेणूतले हायड्रोजनसुद्धा त्याचे कायमचे नसतात. साध्या पाण्यात ते साधारण मिलिसेकंदाच्या काळात शेजाऱ्यांशी अदलाबदल करत राहतात.

आणि हे पाणी ‘पेशीत थेट शिरतं’ म्हणे. पेशीत पाणी कसं शिरतं याच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आहे. पेशीच्या पडद्यात ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या नळ्या असतात. त्यांची चिंचोळी जागा जेमतेम एका रेणूएवढी, ०.३ नॅनोमीटरच्या आसपास. रेणू एकामागून एक, एका रांगेत जातात, सेकंदाला अब्जांच्या संख्येने. षटकोनाचं कडं घेऊन आलेल्या पाण्यालाही त्या दारात कडं सोडून सुटं व्हावं लागेल. आणखी एक बारकावा मला फार सुंदर वाटतो: नळीच्या मध्यावर प्रथिनाच्या प्रभारामुळे प्रत्येक रेणू पलटी घेतो, आधी ऑक्सिजनची बाजू एका दिशेला आणि मध्य ओलांडल्यावर दुसऱ्या दिशेला. याच प्रभारामुळे पाणी जातं पण सुटा प्रोटॉन जाऊ शकत नाही. वाकलेल्या, ध्रुवीय, सुट्या रेणूसाठी हे दार बनलेलं आहे. किडनीत अशा नळ्या खच्चून भरलेल्या असतात, आणि आपण दिवसभरात गाळलेलं बहुतेक पाणी त्यांतूनच रक्तात परत येतं.

बाटली तांब्याची आहे, आणि तांब्यात ठेवलेल्या पाण्यातले काही जंतू मरतात, हेही खरं. आजी तांब्याच्या हंड्यात पाणी भरायची ते चुकीचं नव्हतं. पण ते काम विरघळलेल्या तांब्याच्या आयनांचं आहे.

आता शेवटचा मुद्दा. बाकीचे पाच चुकीचे आहेत, हा मारक आहे.

किडनी चालेनाशी झाली की प्यायलेलं पाणी बाहेर जायची मुख्य वाट बंद होते. आत्याला दिवसभरात कपभरही लघवी होत नाही. अशा माणसाने एक लिटर पाणी प्यायलं की वजन एक किलो वाढतं, इतका सरळ हिशोब आहे. ते पाणी नाहीसं होत नाही. आधी पायांत साठतं, मग पोटात, मग फुप्फुसांत. आडवं झाल्यावर दम लागतो तो यामुळे. रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. डायलिसिसला बसवल्यावर चार तासांत यंत्राने पाणी काढायचं असतं. ते साडेचार लिटर काढायचं म्हटलं की रक्तदाब एकदम कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात, उलट्या होतात. आत्याचं तसंच झालं. एका बैठकीत सगळं काढता आलं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवावं लागलं. टेक्निशियन मुलगी तिच्या पोटऱ्या दाबत उभी होती आणि आत्या डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. मी ते विसरू शकत नाही.

पाण्याचा आकार कसाही सांगा, षटकोनी सांगा, पंचकोनी सांगा, लिटरचं वजन किलोच भरतं आणि ते कुठेतरी साठतंच. किडनीवर ‘भार पडत नाही’ असं पाणी नसतं, कारण भार रेणूच्या आकाराचा नसून पाण्याच्या मापाचा असतो. डॉक्टर मर्यादा घालतात ती रुग्णाचं रोजचं लघवीचं माप, वजन आणि सूज बघून. ती मर्यादा मेसेज वाचून कोणी बदलू नये. आणि तहान कमी करायची असेल तर पहिलं काम मिठाचं आहे. मीठ वाढलं की तहान वाढते, कारण रक्तातलं सोडियम वाढून पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि मेंदू पाणी मागतो. लोणचं, पापड, फरसाण कमी केलं की पाण्याची मर्यादा पाळणं निम्मं सोपं होतं. हे आमच्या डॉक्टरांनीच तिला सांगितलं होतं, पण तो कागद कपाटात राहिला आणि मेसेज उशाशी.

मेसेज ग्रुपवर टाकणारी आमचीच एक वहिनी आहे. तिने तो आत्याच्या काळजीपोटीच टाकला होता, आणि तिला कळल्यावर ती रडली. माझा राग तिच्यावर नाही. राग त्या माणसावर आहे ज्याला १०४.५ अंश माहीत होते, डिबाय माहीत असणार, आणि तरी त्याने खाली फोन नंबर घालून किडनीच्या रुग्णांना तीन लिटरचा आकडा लिहिला. डिबाय हे एकक ज्या पीटर डिबाय यांच्या नावाने आहे, त्यांना १९३६ चं नोबेल मिळालं ते रेणूंची रचना उलगडल्याबद्दल, आणि त्यातलं एक मुख्य साधन होतं हीच द्विध्रुव आघूर्णं. ती मोजून रेणू सरळ आहे की वाकलेला हे बाहेरून ओळखता आलं. इतक्या मेहनतीने मिळालेल्या ज्ञानाच्या चार ओळी उचलून त्यांवर बाटली विकली जाते, याचा मला मनापासून संताप आहे. ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं आहे, आणि ज्यांच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे त्या चौघांना वेगळे फोन केले. दोघांनी बाटलीची चौकशी केलेली होती.

आत्या आता बरी आहे. मागच्या दोन खेपांना तिचं वजन दोन किलोंच्या आत वाढलं. परवा गेलो तेव्हा तिने विचारलं, “अरे, तू म्हणालास ना, बर्फात खरोखरच षटकोन असतो? मग बर्फ चालेल का मला?”

चालेल, मी म्हटलं, मोजून. डायलिसिसवाल्यांना तहानेसाठी बर्फाचा खडा चघळायला सांगतातच. तोंड बराच वेळ ओलं राहतं आणि पाणी थोडंच पोटात जातं. तिच्या ट्रेमधला एक खडा वितळवून औषधाच्या मापात ओतून बघितला. पंधरा मिली भरलं. आता दुपारी टीव्ही बघताना ती एक खडा तोंडात धरते, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात पंधरा लिहून ठेवते.